वाचले

चकलीचा सोऱ्या दाबताना मनगटातून जी बारीक कळ येते, तिची आणि माझी ओळख फार जुनी आहे. ३४ वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. त्या सगळ्या वर्षांत दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझे मनगट दोन कारणांनी दुखत असे. संध्याकाळी सोऱ्याने आणि रात्री निबंधाच्या वह्यांनी. २०१४ साली मी निवृत्त झाले आणि वह्या सुटल्या. सोऱ्या मात्र अजून सुटलेला नाही.

यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते आणि बाहेर जेवणाच्या टेबलावर आमची सूनबाई वह्यांचा गठ्ठा सोडून बसली होती. तीही मराठीचीच शिक्षिका. सातवीचा वर्ग, वह्या ५८, निबंधाचा विषय ‘आमच्या घरची दिवाळीची तयारी’. पहिले सत्र संपले होते, संकलित मूल्यमापन आटोपले होते. आता प्रत्येक निबंधाखाली अभिप्राय लिहायचा आणि शिवाय प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या, एवढे काम तिच्या मानेवर होते. मला तिची दया आली. पाच-सहा घाणे झाल्यावर मी पदराला हात पुसत बाहेर डोकावले आणि विचारले,

“किती झाल्या गं?”

“झाल्या की, आई. संपल्याच.”

मला वाटले, पोर थट्टा करते आहे. ५८ वह्या पाऊण तासात? मला त्यांना तीन रात्री लागल्या असत्या! पण ती थट्टा करीत नव्हती. तिने मला शेजारी बसवून घेतले आणि सगळी रीत दाखवली. वहीचे पान उघडायचे, मोबाईलने त्याचा फोटो काढायचा, तो त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करायचा आणि म्हणायचे, ‘सातवीच्या मुलाचा निबंध आहे, प्रेमाने अभिप्राय लिही.’ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आठ-दहा ओळींचा अभिप्राय तयार! मुलांच्या नावाचे पान ती मुद्दाम घेत नव्हती, हजेरीचा क्रमांक तेवढा टाकीत होती. मुलांची नावे त्या यंत्राला कशाला सांगायची, असे तिचे म्हणणे. तेवढे मला आवडले.

मग आम्ही ते अभिप्राय वाचायला बसलो. बारा नंबरच्या मुलाला यंत्राने लिहिले होते, ‘तुझ्या लेखनात खोली आहे.’

“कोणती गं?” मी विचारले, “माजघर की कोठीची?”

सूनबाई खो खो हसली. ‘तू विषयाला चांगला न्याय दिलास’, ‘हा प्रवास असाच चालू ठेव’ अशी आणखीही काही वाक्ये निघाली. कोकणातून पहिल्यांदाच मुंबईला आलेला माणूस जसा उसन्या कोटात अवघडून उभा राहतो, तशी ती वाक्ये उसन्या मराठीत उभी होती. पण हसता हसता मी पुढचे पान वाचले आणि गप्प झाले. तेवीस नंबरच्या मुलीला यंत्राने लिहिले होते, की तिच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘पणत्या’ अनेकवचनी आहेत आणि क्रियापद मात्र एकवचनी झाले आहे. किल्ला बांधण्याचे वर्णन तिने क्रमाने केले आहे, ते चांगले जमले आहे. शेवट घाईने झाला आहे, तेथे दोन वाक्ये हवीत. म्हणजे एक कौतुक, एक चूक आणि एक सूचना. आणि तिन्ही खरी!

मला आनंद व्हायला हवा होता. पण खरे सांगायचे तर मला आपले काहीतरी चोरीला गेल्यासारखे वाटले. घरात जाऊन मी कढईतल्या चकल्या उलटल्या. त्या जरा जास्तच लाल झाल्या होत्या.

का वाटले असे? मी माझ्याच ३४ वर्षांचा हिशेब मांडून पाहिला. माझ्याकडे तीन तुकड्या असत. तुकडीत साठ मुले धरली, तर वह्या १८०. एका वहीला तीन मिनिटे दिली, तरी ५४० मिनिटे, म्हणजे नऊ तास झाले. तेही घरची कामे आटोपल्यावर, पेंगुळल्या डोळ्यांनी. पहिल्या दहा वह्या मी मन लावून वाचीत असे. विसाव्या वहीपाशी मी परिच्छेदांची पहिली वाक्येच वाची. चाळिसावीनंतर डोळा पानावरून नुसता घसरे आणि लाल पेन आपण होऊन चाले. माझ्यापाशी अवघे सात शेरे होते. ‘ठीक’, ‘बरा प्रयत्न’, ‘अक्षर सुधारा’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’, ‘परिच्छेद पाडा’, ‘विस्तार हवा’ आणि सगळ्यांत सोयीचा म्हणजे ‘पाहिले’. ‘पाहिले’ लिहून खाली सही ठोकली की वही हातावेगळी! त्या शब्दात असत्य काही नव्हते. मी वही पाहिलेलीच असे.

पुढे शिक्षणहक्काचा कायदा आला आणि २०१० पासून आपल्याकडे पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात मुलाला नुसत्या आकड्याने न मोजता त्याच्याविषयी दोन शब्द लिहावेत, त्याची आवड काय, प्रगती कोठे, सुधारणा कशात हवी हे नोंदवावे, असा चांगला हेतू होता. पण झाले काय? शिक्षकांच्या हातोहात तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘गोष्टी सांगण्याची आवड आहे’, ‘वाचनाचा सराव आवश्यक’. त्या यादीतून वाक्य उचलायचे आणि मुलाच्या नावापुढे ठेवायचे. मीही ठेवले. एका वर्षी तर एका अबोल मुलापुढे ‘वर्गात धीटपणे बोलतो’ असे मी चक्क दोन्ही सत्रांत लिहिले होते! तेव्हा यंत्राने येऊन शिक्षकाची लेखणी हिरावून घेतली, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आमची लेखणी त्याआधीच यंत्र झालेली होती.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा फराळाचा डबा द्यायला आला. तो संगणकाच्या व्यवसायात आहे आणि त्याला सगळ्या गोष्टींचा इतिहास सांगण्याची हौस आहे. मी त्याच्यापुढे चहा आणि ही तक्रार दोन्ही एकदमच ठेवली.

“मावशी, हे आजचं नाही,” तो म्हणाला, “याचं मूळ तुझ्या बाळपणात आहे.”

आणि त्याने मला एलिस पेज नावाच्या अमेरिकन गृहस्थाची हकिगत सांगितली. हे पेज पूर्वी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवीत असत. १९५८ साली त्यांनी ७४ वर्गांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांनी काही मुलांच्या उत्तरपत्रिकांवर नुसते गुण घातले. काहींच्यावर गुणांप्रमाणे ठरवून दिलेले एक तयार वाक्य लिहिले. आणि काहींच्यावर त्या मुलाला उद्देशून जे मनात येईल ते लिहिले. पुढच्या परीक्षेत मनापासून शेरा मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. पण तयार वाक्य मिळालेली मुलेसुद्धा काहीच न मिळालेल्यांपेक्षा बरी ठरली. शेऱ्याचे एवढे मोल ज्याला कळले, त्याच माणसाने १९६६ साली लिहिले, की निबंध तपासण्याचे काम आता संगणकाला करता येईल. आणि तसा संगणक त्याने करूनही दाखवला.

“त्याला निबंध कळत होता?” मी विचारले.

“छे गं! तो मोजत होता. निबंध लांब किती, स्वल्पविराम किती, शब्द मोठे की लहान. पण त्यानं दिलेले गुण परीक्षकांच्या गुणांशी साधारण तेवढेच जुळले, जेवढे ते परीक्षक एकमेकांशी जुळत होते.”

या गोष्टीत मला यंत्राच्या हुशारीपेक्षा परीक्षकांची शोभाच अधिक दिसली. भाचा पुढे सांगत होता. १९९९ पासून अमेरिकेतल्या व्यवस्थापनशास्त्राच्या एका मोठ्या प्रवेश परीक्षेत निबंधांना माणसाबरोबर यंत्रही गुण देऊ लागले. २०१४ साली एमआयटीतल्या लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून उलटेच यंत्र केले. ते भारदस्त शब्दांचे पण शेंडाबुडखा नसलेले निबंध लिही आणि तपासणारी यंत्रे त्यांना भरघोस गुण देत. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि त्या जातीची यंत्रे घरोघर पोहोचली. ही नवी यंत्रे स्वल्पविराम मोजत बसत नाहीत. जगभरच्या लिखाणाचा डोंगर त्यांना वाचायला घातलेला असतो. त्यात इंग्रजीचा सह्याद्री आणि मराठीची टेकडी. इतके शब्द झाल्यावर पुढे कोणता शब्द येण्याचा संभव आहे, हे ती त्या वाचनाच्या बळावर ओळखतात आणि असे शब्दाला शब्द जोडीत जातात. शेरा कसा असतो हे त्यांना आपल्या सर्वांपेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण त्यांनी आपल्या सर्वांपेक्षा जास्त शेरे वाचले आहेत.

त्याच दिवशी आणखी एक गंमत उघडकीला आली. एकतीस आणि चव्वेचाळीस नंबरच्या मुलांचे निबंध पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सख्ख्या भावांसारखे निघाले. दोघांच्याही घरची दिवाळी ‘आनंदाची आणि एकात्मतेची पर्वणी’ होती. सातवीतले पोर असे बोलत नाही. निबंध मोबाईलने सांगितला होता आणि मुलांनी तो वहीत उतरवला होता. यंत्राने दोघांचेही तोंड भरून कौतुक केले होते. यंत्राने निबंध लिहिला, यंत्राने तपासला, यंत्राने यंत्राला शाबासकी दिली. मधल्या मध्ये मूल आणि बाई दोघेही हमाल!

“पण आई, शेरा वाचतो तरी कोण?” सूनबाई जरा खट्टू होऊन म्हणाली. “मुलं वही हातात आली की गुण बघतात आणि वही मिटतात.”

तेही खोटे नाही. रूथ बटलर या बाईंनी इस्रायलमधल्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला, हेही भाच्यानेच सांगितले. ज्यांना नुसता शेरा मिळाला ती मुले सुधारली. ज्यांना शेरा आणि गुण दोन्ही मिळाले, त्यांच्या बाबतीत शेरा फुकट गेला. आकडा दिसला की अक्षरे दिसत नाहीत. शेरा वाचतो कोण, असे मीही वर्षानुवर्षे म्हणत आले होते. पण एका मुलाने माझा शेरा वाचला होता. ती गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी ती मी सूनबाईला सांगितली.

१९९३ सालचा पावसाळा होता. मी तेव्हा कोकणातल्या एका गावी होते. आठवीच्या वर्गाला मी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला होता. वर्गात एक मुलगा नुकताच दुसऱ्या गावाहून मामाकडे राहायला आला होता. सडपातळ, शेवटच्या बाकावर बसणारा. त्याने दोन पाने भरून लिहिले होते, एकही परिच्छेद न पाडता. अक्षर किरटे. मी वहीवरून नजर फिरवली, पाऊस दिसला, कौले दिसली, बेडूक दिसले. मी लिहिले, ‘परिच्छेद पाडा. अक्षर सुधारा.’ आणि १० पैकी ६ गुण दिले.

पुढच्या आठवड्यात तास संपल्यावर तो वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. “बाई, परिच्छेद पाडले,” एवढेच म्हणाला. त्याने सगळा निबंध पुन्हा लिहून काढला होता. ओळीवर ठेवलेले, घोटलेले अक्षर. पहिला परिच्छेद पावसाचा. दुसरा घराचा, गळणाऱ्या कौलांचा. आणि तिसरा परिच्छेद एकाच वाक्याचा होता: ‘मागच्या वर्षी अशाच पावसात बाबा होडी घेऊन खाडीत गेले आणि परत आले नाहीत.’ चौथ्या परिच्छेदात पुन्हा पाऊस, बेडूक, शेतातली लावणी.

ते वाक्य पहिल्या खेपेलाही तेथेच होते. दोन पानांच्या गर्दीत ते उभे होते आणि मी त्याच्या अंगावरून पुढे गेले होते. त्याने माझे ऐकले. बाई परिच्छेद पाडा म्हणाल्या, त्याने पाडले. आणि त्यामुळे ते वाक्य असे एकटे पडले, की आता ते मला चुकवता येईना.

मी पेनाचे टोपण काढले. काय लिहायचे? ‘उत्तम’ लिहू? वाढवून ८ गुण देऊ? माझ्या सात शेऱ्यांपैकी एकही कामाचा नव्हता. तो उभाच होता. शेवटी मी त्या वाक्याच्या समोर समासात एकच शब्द लिहिला, ‘वाचले’. सही केली नाही. त्याने तो शब्द पाहिला, वही मिटली आणि दप्तरात घातली. नंतर वर्षभर तो मधल्या सुट्टीत अधूनमधून माझ्या टेबलापाशी येई, काहीतरी फुटकळ विचारी आणि जाई. पुढे तो कोठे गेला मला ठाऊक नाही.

सूनबाई बराच वेळ बोलली नाही. मग मीच म्हटले, “तुझ्या त्या यंत्राला हा निबंध देऊन बघ.” दोन पानांतले वाक्य न् वाक्य मला आठवत नव्हते, पण घडण आठवत होती. मी पहिल्या खेपेसारखा, परिच्छेद न पाडता, आठवेल तसा तो कागदावर उतरवला आणि तिने फोटो काढला.

यंत्राने ते वाक्य तत्काळ पकडले. त्याने लिहिले, की तुझ्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. अशी गोष्ट लिहायला धैर्य लागते. आणि पुढे लिहिले, की या प्रसंगातील भावना तू अधिक विस्ताराने मांडल्यास निबंध अधिक प्रभावी होईल.

प्रभावी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या पोराला जेवढे झेपले तेवढे त्याने एका वाक्यात लिहिले होते. आणि वाईट वाटले म्हणे. पण कुणाला? तेथे आहे कोण वाईट वाटायला?

“तुमचं खरं आहे, आई,” सूनबाई हळूच म्हणाली. “पण त्या रात्री हे तुमच्यापाशी असतं, तर ते वाक्य तुम्हाला त्याच रात्री कळलं असतं ना?”

मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर ‘हो’ असे होते. त्या रात्री तेथे असलेल्या माणसालाही वाईट वाटले नव्हते. ते माणूस डुलक्या घेत होते. न थकणाऱ्या त्या यंत्राने नऊ तासांच्या अखेरीसही ते वाक्य पाहिले असते. पण मग त्याचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. यंत्राला दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे नव्हते. शेवटच्या बाकाकडे बघायचे नव्हते. मधल्या सुट्टीत टेबलापाशी घुटमळणाऱ्या मुलाला ‘काय रे?’ म्हणायचे नव्हते. आपण टपालाने काही पाठवले, की त्याची पोच येते. तीत शहाणपणाचे काही नसते, पण कुणीतरी सही करून घेतले एवढे कळते. शेऱ्याचे अर्धे काम पोचेचे आहे. मुलगा लिहितो, ते पलीकडे एका माणसापर्यंत पोहोचले की नाही, हे त्याला समजायचे असते. ते पोहोचलेच नसेल, तर यंत्राने लिहिलेला सुंदर शेरा काय आणि मी लिहिलेले ‘पाहिले’ काय, दोन्ही सारखेच खोटे.

आम्ही त्या रात्री एक तोड काढली. शुद्धलेखन, वचने, परिच्छेद यांचे यंत्राने जे दाखवले ते ठेवायचे. ते काम ते माझ्यापेक्षा बरे करते, तेथे अभिमान कशाला? शिवाय सूनबाईने त्याला बजावले, की एखाद्या वहीत बाईंनी स्वतः वाचलेच पाहिजे असे काही असेल, तर आधी ते सांग. आणि प्रत्येक वहीत एक ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहायची. ती वाचल्यावाचून लिहिता येऊ नये अशी. दोघी मिळून असे करू म्हणालो. मी मोठ्याने वाचायचे, तिने ऐकायचे आणि लिहायचे. एकतीस आणि चव्वेचाळीस नंबरला तिने लिहिले, ‘तुझ्या घरच्या कंदिलाचा रंग कोणता होता, ते मला तुझ्या शब्दांत सांग.’

वह्या दोन रात्रींत झाल्या. पुढच्या सत्रात तिला हे जमेल का? त्याच्या पुढच्या? घरी वाचायला दर वेळी निवृत्त सासू नसते आणि ५८ चे ४० कुणी करून देत नाही. मी भोळी नाही. यंत्रामुळे वाचलेला वेळ मुलांच्या वाट्याला येतो, की आणखी चार तक्ते भरण्यात जातो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. आणि ते काही यंत्र ठरवणार नाही.

शेवटची वही सत्तावन्न नंबरच्या मुलीची निघाली. गठ्ठ्यात ती मागेपुढे झाली होती. तिने आजीच्या चिरोट्यांवर लिहिले होते. यंत्राचा अभिप्राय होता, की आजी-नातीचे प्रेमळ नाते छान रेखाटले आहेस, तपशील वाढव. मी मोठ्याने वाचू लागले. मधेच एक वाक्य आले: ‘दर वर्षी आजीचा पहिला चिरोटा जळतो आणि ती तो कुणाला दाखवत नाही.’

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. सूनबाईने लाल पेन उचलले आणि समासात लिहिले,

‘वाचले. मग तो चिरोटा जातो कुठे?’

शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडेल. उत्तर तेव्हा मिळेल. सूनबाईइतकीच मीही त्या उत्तराची वाट पाहते आहे.